पाळणाघर आणि बालवाडीसाठी खोल्यांची आखणी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शहरातला तळमजल्यावरचा फ्लॅट, जुना बंगला किंवा रो हाउस घेऊन तिथे पाळणाघर आणि बालवाडी सुरू करू इच्छिणाऱ्यांसाठी ही प्रश्नोत्तरे आहेत. मुलांचे वय सहा महिने ते सहा वर्षे धरले आहे. हिशेब समजावा म्हणून बहुतेक उत्तरांत एकच नमुन्याचे घर घेतले आहे: ११ बाय १६ फुटांचा हॉल, १० बाय १२ आणि १० बाय ११ फुटांच्या दोन खोल्या, लहान स्वयंपाकघर, दोन न्हाणीघरे आणि पुढे थोडी मोकळी जागा.

जागा ताब्यात आली आहे. आखणीला सुरुवात कुठून करावी?

पाण्यापासून. भिंतींचे रंग, कपाटे, खेळणी या सगळ्या गोष्टी नंतर हलवता येतात, पण नळ आणि सांडपाण्याचे पाइप जिथे आहेत तिथून हलवणे खर्चाचे असते, आणि बऱ्याच इमारतींत तशी परवानगीही मिळत नाही. म्हणून घराच्या नकाशावर प्रथम नळ आणि मोऱ्या खुणावून घ्याव्यात. लंगोट बदलणे, हात धुणे, जेवणे आणि रंगकाम ही ओली कामे त्यांच्या आसपास ठेवावीत, तर झोप, गोष्टी आणि पुस्तके यांना पाण्यापासून लांबची खोली द्यावी.

दुसरी खूण नजरेची. दिवसातली जी वेळ मनुष्यबळाच्या दृष्टीने सर्वांत तोकडी असते, ती समोर ठेवून नकाशा पाहावा. दुपारी दीडच्या सुमारास एक मावशी जेवायला बसलेली असते, एक ताई दाराशी पालकाशी बोलत असते, निम्मी मुले झोपलेली असतात आणि दोघेतिघे झोपायला तयार नसतात. त्या वेळी उरलेली एकटी ताई जिथे बसेल, तिथून तिला किती मुले दिसतात? आखणी चांगली की वाईट हे याच प्रश्नावर ठरते. सकाळी दहा वाजता, सगळी माणसे हजर असताना, कोणतीही आखणी चांगलीच वाटते.

आमच्या जागेत किती मुले सामावतील?

केंद्र सरकारच्या राष्ट्रीय पाळणाघर योजनेत (२०२२ पासून तिची जागा पालना योजनेने घेतली) प्रत्येक मुलामागे किमान ६ ते ८ चौरस फूट जागा सांगितली होती. हा आकडा किमान आहे, याचा अनेकांना विसर पडतो. चार फूट लांब आणि दोन फूट रुंद गादीनेच आठ चौरस फूट व्यापले जातात. म्हणजे मूल झोपले की जागा संपली, आणि दोन गाद्यांमधून चालायला वाटही उरत नाही. इंग्लंडमधल्या नियमांत दोन वर्षांखालील मुलाला ३.५ चौरस मीटर, दोन वर्षांच्या मुलाला २.५ आणि तीन ते पाच वर्षांच्या मुलाला २.३ चौरस मीटर जागा लागते, म्हणजे साधारण ३८, २७ आणि २५ चौरस फूट. आपल्याकडच्या शहरी भाड्यांत तो आकडा परवडणे कठीण आहे, हे खरे. तरी दिवसभर राहणाऱ्या मुलांसाठी माणशी २० चौरस फूट मोकळी जमीन धरावी, त्याखाली उतरू नये, असे आमचे मत आहे.

मोकळी जमीन म्हणजे कपाटे, दरवाजे उघडण्याची जागा आणि येण्याजाण्याची वाट वगळून उरते ती. नमुन्याच्या घरातल्या तीन खोल्या मिळून ४०६ चौरस फूट होतात. त्यातला चौथा हिस्सा वगळला की सुमारे ३०० चौरस फूट उरतात आणि त्यात १५ मुले मावतात. स्वयंपाकघर, न्हाणीघर आणि बाल्कनी या हिशेबात कधीही धरू नयेत.

खोल्या वयाप्रमाणे वाटाव्यात की कामाप्रमाणे?

दोन्ही पद्धती चालतात, पण निर्णय कर्मचाऱ्यांच्या संख्येवर घ्यावा लागतो. राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाच्या खासगी प्ले स्कूलसाठीच्या मार्गदर्शक तत्त्वांत तीन वर्षांवरील २० मुलांमागे एक शिक्षिका आणि सोबत एक मदतनीस अपेक्षित आहे. तीन वर्षांखालील मुलांना अर्थातच याहून अधिक हात लागतात. नियमाचा आकडा मात्र एकूण मुलांवर काढला जातो, तर प्रत्यक्षात माणसे खोल्यांत विभागली जातात. जितक्या बंद खोल्या वापरात, तितकी माणसे त्या क्षणी हजर हवीत. तीन कर्मचारी असलेल्या पाळणाघराने चार खोल्या चालवायला घेतल्या, तर एक खोली कायम बिनमाणसाची राहणार.

म्हणून पंधरा मुलांच्या घरात आम्ही अशी वाटणी सुचवतो. रांगणाऱ्या आणि नुकत्याच चालू लागलेल्या मुलांना १० बाय १२ ची खोली स्वतंत्र द्यावी, कारण त्या वयात हाताला लागेल ते तोंडात जाते आणि मोठ्या मुलांचे मणी, बिया, खडूचे तुकडे तिथे येऊ देता येत नाहीत. हॉल मोठ्या मुलांसाठी ठेवावा. तिसरी खोली दुपारी झोपेची आणि सकाळी शांत कामांची, म्हणजे गोष्टी, पुस्तके, ठोकळे यांची असावी. एकच खोली दोन कामांना वापरण्यात काही कमीपणा नाही. फक्त गाद्या ठेवायला खोल कपाट तिथेच हवे, नाहीतर रोज दुपारी गाद्यांची मिरवणूक निघते.

दोन खोल्यांमधली भिंत पाडावी का?

भिंत भारवाहक आहे की नाही, हे स्थापत्य अभियंत्याने पाहिल्याशिवाय आणि सोसायटीची लेखी परवानगी मिळाल्याशिवाय हात लावू नये. जुन्या बंगल्यांत आतल्या भिंतीही बहुधा भार घेतात. खरे तर पूर्ण भिंत पाडण्याची गरज क्वचितच पडते. दरवाज्याच्या जागी साडेतीन फुटी अर्धा दरवाजा बसवला किंवा दारातच काचेची उभी पट्टी घातली, तरी नजरेचे काम भागते. ही पट्टी जमिनीपासून दोन फुटांवर सुरू व्हावी, म्हणजे दाराच्या पलीकडे उभे असलेले मूल दार ढकलणाऱ्याला दिसते. काच कडक केलेली किंवा फिल्म लावलेलीच घ्यावी.

प्रवेशद्वारापाशी काय असावे?

मूल आणि पालक यांचा निरोप शांतपणे होईल एवढी जागा असावी. उघडणारे मुख्य दार आणि मुलांचा हॉल यांच्यात एक अडसर हवाच, कारण सकाळी नऊ वाजता, पाच-सहा पालक एकदम आले की दार सतत उघडे असते आणि त्याच फटीतून दीड वर्षाचे पोर रस्त्याकडे निघते. आतले फाटक चार फूट उंच असावे आणि त्याची कडी मुलाच्या हाताला न येणाऱ्या बाजूस असावी. या दोन दारांमधल्या पट्ट्यात चपलांची मांडणी, दप्तरांच्या खुंट्या, डबे ठेवायचे फडताळ आणि पालकांना बसायला एक बाक एवढे सामान पुरे.

याच भागाला लागून स्तनपानासाठी पडद्याआडचा कोपरा काढावा. २०१७ च्या मातृत्व लाभ सुधारणा कायद्याने ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय बंधनकारक केली आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाण्याची मुभा दिली. आई चार वेळा येणार असेल, तर प्रत्येक वेळी झोपलेल्या मुलांना ओलांडून तिला आत जावे लागू नये. हाताचे टेकण असलेली खुर्ची, हात धुण्याची सोय जवळ आणि दूध ठेवायला फ्रिज, इतके असले की झाले. काढून आणलेले आईचे दूध साधारण २५ अंश तापमानाला चार तासच टिकते आणि आपल्याकडचा उन्हाळा त्याच्या बराच वर असतो, म्हणून ते येताक्षणी फ्रिजमध्ये गेले पाहिजे. तेव्हा फ्रिज याच बाजूला असणे सोयीचे.

झोपण्याची खोली पूर्ण अंधारी आणि बंद असावी का?

नाही. बंद दाराआड गाढ अंधारात झोपलेली मुले, ही शांततेची कल्पना घरात ठीक आहे. पाळणाघरात ती धोक्याची ठरते. झोपलेल्या बाळाच्या चेहऱ्याचा रंग ओळखता येईल आणि छातीची हालचाल दिसेल इतका उजेड खोलीत राहिलाच पाहिजे. जाड पडद्यांऐवजी सुती, एकपदरी पडदे लावावेत आणि त्यांच्या दोऱ्या लोंबकळू देऊ नयेत, कारण त्या गळ्याभोवती अडकू शकतात. दार उघडे ठेवावे आणि दाराशी बसलेल्या व्यक्तीला खोलीतले सर्व कोपरे दिसावेत.

एक वर्षाखालील बाळाला घट्ट, सपाट गादीवर उताणे झोपवावे. उशी, लोड, मऊ दुलई आणि भरलेली खेळणी त्याच्याजवळ ठेवू नयेत. झोळीचा प्रश्न हमखास येतो, कारण घरी झोळीची सवय असलेले बाळ पहिले काही दिवस गादीवर टिकत नाही. झोळीत पाठ वाकून हनुवटी छातीला टेकते आणि श्वासाला अडथळा होऊ शकतो. म्हणून झोळी वापरलीच तर समोर माणूस बसलेला असताना, डोळा लागेपर्यंतच वापरावी आणि मग बाळाला गादीवर घ्यावे. झोळीचा हुक स्लॅबमध्ये पक्का बसवलेला असावा, छताच्या पंख्यापासून दूर असावा आणि झोळीच्या झोक्यात भिंत वा कपाटाचा कोपरा येणार नाही, हे रिकामी झोळी हलवून पाहावे.

गाद्यांमध्ये दोन-अडीच फुटांचे अंतर ठेवावे आणि शेजारच्या मुलांची डोकी विरुद्ध दिशांना करावीत. सर्दी-खोकल्याचा प्रसार त्याने थोडा तरी रोखला जातो. या हिशेबाने १० बाय ११ च्या खोलीत सहा गाद्या नीट बसतात. उरलेली मोठी मुले हॉलमध्ये सतरंजीवर झोपली तरी चालते, कारण चार-पाच वर्षांची अनेक मुले दुपारी झोपतच नाहीत आणि त्यांना बळेच आडवे करून कोणाचेच भले होत नाही. त्यांच्यासाठी हॉलच्या एका टोकाला पुस्तके आणि चित्रकला सुरू राहावी.

कोणती खोली निवडावी, हे उन्हावरही अवलंबून आहे. पश्चिमेच्या भिंतीची खोली दुपारी दोननंतर तापू लागते, म्हणजे नेमकी झोपेच्या वेळी. विदर्भ-मराठवाड्यात तर झोपेसाठी पूर्व किंवा उत्तरेची खोलीच घ्यावी, मग ती थोडी लहान का असेना.

लंगोट बदलण्याची जागा आणि शौचालय कसे असावे?

सर्वाधिक चुकीची मांडणी आम्हाला इथेच दिसते. लंगोट बदलायचा ओटा भिंतीला लावून ठेवला जातो, कारण तसा तो नीटनेटका दिसतो. पण मग बदलणाऱ्या मावशींची पाठ संपूर्ण खोलीकडे होते. ओट्याची अरुंद बाजू भिंतीला लावावी आणि मावशी खोलीकडे तोंड करून उभी राहील अशी रचना करावी. ओट्याची उंची सुमारे तीन फूट आणि कडेला चार इंची काठ असावा. एक हात बाळावर ठेवून दुसऱ्या हाताने लंगोट, कापूस, झाकणाची बादली आणि नळ हे सगळे गाठता आले पाहिजे. बाळाला सोडून दोन पावले टाकावी लागत असतील तर मांडणी फसली. हा ओटा आणि जेवणाची जागा एकमेकांना लागून कधीही नसावीत, आणि दोन्हींचे बेसिनही वेगळे हवे.

शौचालयात नेहमीच्या कमोडची उंची पंधरा-सोळा इंच असते, जी तीन वर्षांच्या मुलाला जास्त होते. मुलांसाठी दहा-अकरा इंची कमोड मिळतात. भाड्याच्या जागेत ते शक्य नसेल तर रुंद, न घसरणारी पायरी आणि वर बसणारी लहान सीट घ्यावी. बेसिन जमिनीपासून वीस-बावीस इंचांवर असावे. दाराला आतून कडी नसावी, आणि दार वरून मोठ्या माणसाला डोकावता येईल असे अर्धे असावे. त्यामुळे मुलाची लाजही राखली जाते आणि ते एकटे बंदिस्तही होत नाही. मोठ्या माणसांचे शौचालय स्वतंत्र ठेवावे. नमुन्याच्या घरातल्या दोन न्हाणीघरांची वाटणी यामुळे आपोआप ठरते.

बादल्यांविषयी स्वतंत्रपणे सांगावे लागते. पाण्याची टंचाई असलेल्या शहरांत मोरीत भरलेल्या बादल्या आणि पिंप ठेवण्याची सवय असते. नुकते चालू लागलेले मूल बादलीत डोकावताना डोक्याच्या भाराने आत कलंडते आणि त्याला परत वर येता येत नाही. काही इंच पाणीही जीव घ्यायला पुरते. मुलांच्या न्हाणीघरात भरलेली बादली नसावी, रिकामी बादली पालथी असावी, आणि साठवणीचे पाणी कुलूप लावता येईल अशा जागी किंवा उंच टाकीत असावे.

स्वयंपाक तिथेच करावा का?

दूध आणि अन्न गरम करणे, खिमट किंवा वरण-भात करणे एवढे लागतेच. त्यासाठी स्वयंपाकघराला स्वतंत्र दार किंवा अर्धे फाटक हवे आणि गॅस सिलिंडर मुलांच्या बाहेर पडण्याच्या वाटेवर नसावा. तामिळनाडूत कुंभकोणम येथे १६ जुलै २००४ रोजी एका शाळेत दुपारच्या जेवणासाठीच्या स्वयंपाकघरात लागलेली आग गवताच्या छपरातून वर्गांपर्यंत पसरली आणि ९४ मुलांचा मृत्यू झाला. स्वयंपाकघर नकाशात कुठे येते हा केवळ सोयीचा मुद्दा नाही, हे त्या घटनेने देशाला दाखवले. घरातून बाहेर पडण्याच्या दोन वाटा असाव्यात आणि त्यातली किमान एक स्वयंपाकघरापासून दूर असावी. दुसरी वाट म्हणजे अनेकदा मागचे दार असते आणि त्याच्यापुढे जुने सामान रचलेले असते. ते आजच हलवावे. खिडक्यांना पक्के गज असतील तर एका खिडकीला आतून उघडणारे ग्रिल बसवून घ्यावे आणि त्याची किल्ली कुठे आहे, हे सर्व कर्मचाऱ्यांना माहीत असावे.

फर्निचर कोणत्या मापाचे घ्यावे?

मूल बसल्यावर त्याचे तळपाय जमिनीला पूर्ण टेकले पाहिजेत. दोन ते चार वर्षांसाठी दहा-अकरा इंची आसन आणि अठरा-एकोणीस इंची टेबल, तर पाच-सहा वर्षांसाठी बारा इंची आसन आणि वीस-एकवीस इंची टेबल साधारण बरोबर बसते. मारिया माँटेसरी यांनी १९०७ मध्ये रोममध्ये पहिले बालगृह सुरू केल्यापासून मुलांच्या मापाचे, मुलांना हलवता येणारे सामान ही बालशिक्षणातली मान्य गोष्ट झाली आहे. तरी बैठी पद्धत सोडण्याचे कारण नाही. पाट, सतरंजी आणि बसके डेस्क यांनी जागा वाचते, आणि आपली मुले मांडी घालून जेवायला सरावलेली असतात.

खेळण्यांचे रॅक अडीच फुटांहून उंच नसावेत. ते भिंतीला स्क्रूने आवळलेले असावेत, कारण मुले त्यांवर शिडीसारखी चढतात. खोलीच्या मध्ये आडवे ठेवलेले बसके रॅक दुभाजकाचेही काम करतात: मुलांना कोपरा मिळतो आणि ताईंची नजर वरून पलीकडे जाते.

भिंतींना कोणता रंग द्यावा? कार्टूनची चित्रे काढावीत का?

फिका, धुता येणारा रंग द्यावा. भिंतभर कार्टून पालकांना आवडतात. मुले चार दिवसांत त्यांच्याकडे बघेनाशी होतात. त्यापेक्षा मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर, म्हणजे तीन फुटांखाली, त्यांचीच चित्रे टाचता येतील अशी एक पट्टी मोकळी ठेवावी आणि तिच्याखाली फळ्याचा रंग लावावा.

पावसाळ्यासाठी आखणीत वेगळे काय करावे लागते?

बरेच. जून ते सप्टेंबर बाहेरचे अंगण बहुतेक दिवस मिळत नाही, म्हणून उड्या मारणे, घसरगुंडी, चेंडू यांसाठी हॉलमध्ये किमान आठ बाय आठ फुटांचा तुकडा रिकामा राखावा. रेनकोट आणि छत्र्यांच्या खुंट्या दाराबाहेर, पागोळ्यांच्या आत आणि खाली निथळायला जागा असलेल्या ठिकाणी असाव्यात. गाद्या आणि सतरंज्या वाळवायला वाऱ्याचा सज्जा लागतो. कोकणात आणि मुंबईत तो नसेल तर महिनाभरात कुबट वास बसतो. गुळगुळीत लादीवर ओले पाय घसरतात, म्हणून प्रवेशाचा पट्टा आणि न्हाणीघर यांना खडबडीत फरशी हवी. वीज गेल्यावर निदान दोन पंखे आणि प्रत्येक खोलीत एक दिवा चालेल इतका इन्व्हर्टर घ्यावा, आणि त्याची बॅटरी मुलांच्या हातापासून दूर, हवा खेळत्या जागी ठेवावी.

मूल मध्येच आजारी पडले तर त्याला कुठे ठेवावे?

स्वतंत्र खोलीची आवश्यकता नाही. पालक येईपर्यंत एक गादी मावेल आणि कोणाची तरी नजर राहील असा कोपरा पुरतो. प्रवेशाजवळचा बाक किंवा कार्यालयाचे टेबल यांच्या बाजूची जागा योग्य. आजारी मुलाला एकटे आतल्या खोलीत निजवू नये.

खोल्या कमी आणि अंगण मोठे आहे. चालेल का?

चांगलेच चालेल. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीत आणि पुढे कोसबाडला जे काम केले, त्यात आदिवासी पाड्यांवरची मुले बालवाडीपर्यंत येत नाहीत असे पाहून त्यांनी बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली. त्यातूनच अंगणवाडीची कल्पना उभी राहिली. पुढे १९७५ मध्ये सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेच्या केंद्रांनाही हेच नाव मिळाले. अंगण म्हणजे छप्पर नसलेली खोली समजून तिचीही आखणी करावी: सावलीचा भाग, वाळूचा खड्डा आणि त्यावर मांजरांसाठी झाकण, पाण्याचा नळ, आणि फाटकापर्यंत सलग दिसणारी वाट. कण्हेर, धोतरा आणि कुंडीतली डिफेनबेकिया ही विषारी झाडे काढून टाकावीत. कण्हेर तर जुन्या बंगल्यांच्या कुंपणाला हमखास सापडते.

सीसीटीव्ही लावला की नजरेचा प्रश्न सुटतो का?

कॅमेरा लावावा, पण तो घडून गेलेले दाखवतो. न्हाणीघरात आणि स्तनपानाच्या कोपऱ्यात तो कधीही नसावा. त्या जागांची सुरक्षितता दाराच्या उंचीने आणि माणसांच्या नेमणुकीनेच राखावी लागते.

सामान घेण्यापूर्वी आखणी तपासून पाहता येते का?

येते, आणि त्याला खडूखेरीज काही लागत नाही. रिकाम्या फरशीवर गाद्या, रॅक, टेबले आणि ओटा खऱ्या मापात खडूने आखावेत. दरवाजे पूर्ण उघडून त्यांची फिरण्याची कमान रेखावी. मग तिथे काम करणाऱ्या सर्वांनी एक पूर्ण दिवस चालून पाहावा: मूल दारातून आत आले, दप्तर टांगले, हात धुतले, डबा खाल्ला, लंगोट बदलला, झोपले. लंगोट बदललेल्या मुलाची आणि जेवणाच्या ताटाची वाट कुठे एकमेकींना छेदते, हे चालतानाच लक्षात येते. त्यानंतर गुडघ्यांवर बसून प्रत्येक खोलीत फिरावे. त्या उंचीवरून मोकळे प्लग पॉइंट, टेबलांचे टोकदार कोपरे, बिजागरीच्या बाजूची बोट सापडेल अशी फट आणि सज्ज्याच्या कठड्यातले चार इंचांहून रुंद अंतर दिसते. प्लग पॉइंट वर घेऊन झाकणाचे बसवावेत, मुख्य बोर्डात गळतीचा प्रवाह तोडणारा ३० मिलिअँपिअरचा ब्रेकर इलेक्ट्रिशियनकडून घालून घ्यावा, फटींना रबरी पट्टी लावावी आणि कठड्याला जाळी मारावी. शेवटी एकीने दुपारी दीडच्या ताईंच्या जागी बसावे, बाकीच्यांनी खडूच्या गाद्यांवर पडावे आणि बसलेलीने आपल्याला कोण दिसत नाही ते मोठ्याने सांगावे. ज्या गादीवरचे माणूस दिसले नाही, ती गादी तिथून हलवावी.